बॉक्सिंगमधलं स्पारिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पारिंगला पहिल्यांदा उभं राहणारे आणि उभं राहून वैतागलेले, दोघांचेही प्रश्न इथे आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे येऊन गेलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. वैद्यकीय बाबतीत डॉक्टरांचा आणि रिंगमध्ये तुमच्या कोचचा शब्द या पानापेक्षा वरचा.

1. स्पारिंग म्हणजे सामनाच ना? फक्त बक्षीस नसलेला?

नाही. सामन्यात समोरच्याला हरवायचं असतं, स्पारिंगमध्ये समोरच्याच्या मदतीने शिकायचं असतं. इथे पंच नसतो, गुण नसतात, निकाल लागत नाही. दोघांनी मिळून केलेला हा सराव आहे आणि पुढच्या वेळीही दोघांना धडधाकट यायचं आहे. राउंड मात्र सामन्यासारखाच मोजतात. तीन मिनिटं खेळ आणि एक मिनिट विश्रांती ही पद्धत 1867 च्या क्वीन्सबेरी नियमांपासून चालत आली आहे. नवख्यांसाठी दोन मिनिटांचे राउंड पुरतात.

2. क्लास लावून महिना उलटला, पण सर स्पारिंगला उभंच करत नाहीत. कधी करतील?

उशीर होतोय म्हणजे बहुधा क्लास चांगला आहे. पहिल्याच आठवड्यात कोणाशीही भिडवणाऱ्या ठिकाणाची काळजी जास्त वाटायला हवी. कॅलेंडर पाहण्यापेक्षा हे तपासा : मागे-पुढे आणि दोन्ही बाजूंना सरकताना पाय एकमेकांत अडकतात का? जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारून हात थेट गालाशी परततो, की कमरेपर्यंत खाली येऊन मग वर जातो? तीन राउंड पॅड (कोचने हातात धरलेल्या गाद्या) मारल्यावर तिसऱ्यातही गार्ड (तोंडासमोर धरलेले हात) वर राहतो का? जॅब अडवणं, हाताने बाजूला सारणं आणि डोकं हलवून चुकवणं, यातली निदान दोन कामं विचार न करता जमतात का? सगळ्याला होकार येत असेल तर सरांना स्वतःहून विचारा. बरेच कोच विद्यार्थ्याच्या तोंडून हा प्रश्न येण्याचीच वाट पाहत असतात.

3. थेट मोकळं स्पारिंग करायचं की आधी काही टप्पे असतात?

टप्पे असतात आणि तेच सगळ्यात जास्त वेळा गाळले जातात. आधी एकाने फक्त जॅब मारायचा, दुसऱ्याने फक्त बचाव करायचा. मग दोघांनी फक्त जॅब. हा राउंड दिसतो साधा, पण अंतराचं अर्धं गणित इथेच सुटतं : तुमचा जॅब किती लांबून पोहोचतो, समोरच्याचा किती लांबून, आणि त्या दोन रेषांमधल्या पट्ट्यात तुम्ही उगाचच किती वेळ उभे राहता. मग खांद्याला फक्त स्पर्श करायचा खेळ, मग फक्त शरीरावर ठोसे. त्यानंतर अटींचं स्पारिंग : एकाला सगळे ठोसे, दुसऱ्याला फक्त पुढचा हात. किंवा एक जण दोरांना पाठ लावून उभा आणि त्याने फक्त बाजूने निसटायचं. मोकळं स्पारिंग यानंतर.

अनुभवी खेळाडूंनीही आठवड्यातले निम्मे राउंड अटींचेच ठेवावेत असं माझं मत आहे. मोकळ्या राउंडमध्ये माणूस आपल्याला जमतं तेच करत राहतो; न जमणारी गोष्ट करायला अट लागते.

4. सामान काय काय लागतं? पंचिंग बॅगचे ग्लव्हज चालतील का?

बॅगचे ग्लव्हज चालणार नाहीत. बॅगवर मारून मारून त्यातलं पॅडिंग दबलेलं असतं आणि मग समोरच्याला थेट मुठीची हाडं लागतात. स्पारिंगची जोडी वेगळी ठेवा. बहुतेकांसाठी 16 औंस, हलक्या वजनाच्यांसाठी 14. हौशी सामन्यांत वजनगटाप्रमाणे 10 किंवा 12 औंसचे वापरतात. स्पारिंगचे मुद्दाम जाड असतात, कारण इथे समोरच्याला वाचवायचं असतं.

ग्लव्हजच्या आत साडेचार मीटरचे हँडरॅप. माउथगार्ड दातांच्या मापाचा करून घेतलेला असावा; सैल असेल तर तो चावून धरण्यातच लक्ष जातं आणि श्वास अडतो. कमरेखालचा गार्ड हवाच, स्त्रियांसाठीही वेगळा मिळतो. छातीचा गार्ड इच्छेप्रमाणे. वेल्क्रोच्या पट्टीवर चिकटपट्टी गुंडाळा, तिची खरखरीत कड डोळ्याच्या कोपऱ्यावरून घासली तर चिरते. नखं कापा, कानातलं आणि गळ्यातलं काढा. भुवया, गाल आणि नाकावर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा.

हेडगार्ड आणि ग्लव्हज शक्यतो दुसऱ्याचे घेऊ नका. नायटा आणि त्वचेचे इतर संसर्ग त्यांच्या ओल्या अस्तरातून सहज पसरतात.

5. हेडगार्ड घातला की डोक्याची काळजी मिटली ना?

मिटत नाही. हेडगार्ड कापण्यापासून, सुजण्यापासून, डोक्याला डोकं आदळण्यापासून बऱ्यापैकी वाचवतो. पण ठोशाने डोकं झटक्यात फिरतं तेव्हा कवटीच्या आत मेंदू हलतो आणि ती हालचाल बाहेरचं पॅडिंग थांबवू शकत नाही. उलट जाड हेडगार्डमुळे बाजूचं कमी दिसतं आणि डोक्याचा आकार वाढल्यामुळे हुकला (बाजूने वळून येणाऱ्या ठोशाला) सोपं निशाण मिळतं. हौशी बॉक्सिंगच्या जागतिक संघटनेने 2013 मध्ये वरिष्ठ पुरुषांच्या सामन्यांतून हेडगार्ड काढला आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष तो न घालताच लढले.

याचा अर्थ स्पारिंगमध्ये काढून टाका असा नाही. घालाच. पण तो घातलाय म्हणून जोर वाढवू नका, आणि घातलाय म्हणून ठोसा खायलाही तयार होऊ नका.

6. किती जोरात मारायचं? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

तीस टक्के, पन्नास टक्के हे आकडे बोलायला बरे. रिंगमध्ये कोणाकडे मोजपट्टी नसते, आणि घाबरलेल्या माणसाचे तीस टक्के शांत माणसाच्या सत्तरच्या बरोबरीचे असतात. त्यामुळे टक्क्यांऐवजी खुणा पाहा.

हलक्या स्पारिंगमध्ये ठोसा लागतो, पण आत रुतत नाही. मूठ गार्डच्या कातड्याला टेकली की परत निघते. ठोसा खाल्लेल्या माणसाचं डोकं मागे उडत नाही, आणि तो पुढच्याच क्षणी काहीतरी करू शकतो. ठोसा बसल्यावर समोरचा थबकला, डोळे मिचकावले किंवा पाय सरळ ताठ झाले तर जोर जास्त झाला. तेव्हा थांबायचं, ‘ठीक आहेस ना?’ विचारायचं आणि मगच पुढे जायचं. शरीरावर थोडा जास्त जोर चालतो, तोही उजव्या बरगडीखाली नाही. यकृतावर नेमका बसलेला ठोसा हलका असला तरी माणूस गुडघ्यावर येतो.

वेग आणि जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हाताला शिकवावं लागतं. हलकं मारायचं म्हणून हळू मारू लागलात तर समोरच्याचा बचावाचा सराव वाया जातो. हात सुटताना वेगाने सुटावा, पोहोचताना सैल असावा. अंगाचं वजन त्यात टाकायचं नाही.

आणि राउंडच्या आधी बोला! ‘आज हलकं, डोक्याला फक्त स्पर्श’ एवढं वाक्य पुरतं. न बोलता सुरू झालेलं स्पारिंग दर अर्ध्या मिनिटाला थोडं थोडं तापत जातं. एकाचा चुकून जोरात बसतो, दुसरा तेवढाच परत करतो आणि शेवटी दोघांनाही वाटतं की सुरुवात समोरच्याने केली.

7. मी हलकं मारतोय, पार्टनर मात्र तुटून पडतो. मीही तसंच करू का?

करू नका. आधी तोंडाने सांगा : ‘जरा हलकं घे.’ पुष्कळदा त्याला कळलेलंच नसतं, तो घाबरलेला असतो. सांगूनही फरक पडला नाही तर त्याला क्लिंचमध्ये (हात अडकवून मिठीत) धरा किंवा मागे होऊन हात वर करा, आणि घंटेची वाट न पाहता राउंड थांबवा. दोरांखालून बाहेर पडायला कोणाची परवानगी लागत नाही. मग कोचला सांगा. ही चुगली नव्हे. कोण कोणासमोर उभा राहतो हे ठरवणं कोचचं कामच आहे.

कोचच दोरांबाहेरून ‘मार, मार’ ओरडत असेल तर क्लास बदला.

8. ठोसा येताना दिसला की डोळे मिटतात आणि तोंड आपोआप फिरतं. काय करू?

सगळ्यांचं होतं. डोळे मिटणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. ती पूर्ण जात नाही, पण मिटलेले डोळे लगेच उघडायला शिकता येतं. तोंड फिरवणं मात्र धोक्याचं. मान वळली की येणारा ठोसा दिसत नाही, आणि न दिसलेला ठोसा सगळ्यात जास्त हलवून जातो.

उपाय असा : जोडीदाराने अगदी संथ जॅब तुमच्या गार्डवर मारत राहायचा, तुम्ही हनुवटी खाली ठेवून त्याच्या छातीकडे पाहत राहायचं, हातांकडे नाही. हात हलण्याआधी खांदा हलतो आणि तो छातीकडे पाहताना दिसतो. ठोसा अडवताना तोंडाने ‘स्स्’ करून श्वास सोडा. श्वास रोखलेला माणूस डोळेही घट्ट मिटतो.

9. धावायला जातो, दोरीवरच्या उड्या मारतो, तरी पहिल्याच मिनिटात धाप लागते. दम कमी पडतोय का?

बहुतेकांचा दम पुरेसा असतो, तो ताणात खर्च होतो. खांदे कानाला लागलेले, मुठी सतत आवळलेल्या, श्वास अडकलेला. मूठ फक्त ठोसा लागण्याच्या क्षणी आवळायची, बाकी वेळ ग्लव्हच्या आत बोटं सैल. प्रत्येक ठोशाबरोबर श्वास सोडायचा. समोरच्यापासून दूर झालात की खांदे एकदा खाली टाका, पण हात खाली टाकू नका. काही आठवडे हलकं स्पारिंग झाल्यावर तोच दम दुप्पट वाटू लागतो.

10. बॅगवर मस्त कॉम्बिनेशन बसतात, रिंगमध्ये डोकं कोरं होतं. असं का?

बॅग सरकत नाही, परत मारत नाही आणि तिला कंटाळाही येत नाही. रिंगमध्ये अंतर दर क्षणाला बदलतं, त्यामुळे पाच ठोशांची साखळी तिसऱ्यातच हवेत जाते. प्रत्येक राउंडला एकच काम घेऊन जा : ‘जॅब मारून डावीकडे निघायचं’ किंवा ‘त्याच्या जॅबवर दर वेळी काहीतरी परत द्यायचं.’ राउंडनंतर तेवढंच तपासा. ठोसे किती खाल्ले हे त्या राउंडपुरतं विसरा. कॉम्बिनेशन दोन-तीन ठोशांची ठेवा आणि ती संपली की जागा सोडा. नवखा माणूस मारून झाल्यावर आपलं काम पाहत तिथेच उभा राहतो, आणि परतीचा ठोसा नेमका तेव्हा बसतो.

11. पार्टनर माझ्यापेक्षा बराच उंच आहे. आणि डावखुऱ्यासमोर तर काहीच चालत नाही.

उंचासमोर मधल्या अंतरात उभं राहणं सगळ्यात वाईट, तिथे फक्त त्याचे हात पोहोचतात. एक तर पूर्ण बाहेर राहा, नाही तर पूर्ण आत जा. आत जायचं ते जॅबच्या मागून, डोकं मधल्या रेषेवरून हलवत. आत गेल्यावर शरीरावर काम करा आणि बाजूने बाहेर पडा. सरळ मागे आलात तर त्याच्या लांब हातात सापडाल.

डावखुऱ्यासमोर तुमचा पुढचा पाय त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर ठेवण्याची धडपड करा. तिथून तुमचा मागचा सरळ हात मधल्या मोकळ्या वाटेने जातो आणि त्याचा डावा हात तुमच्यापासून लांब पडतो. पुढचे हात एकमेकांत अडकत राहतात, ते साहजिक आहे. त्याच्या पुढच्या हातावर तुमचा हात ठेवून तो रोखायला शिका. बाकीचं केवळ सवयीचं काम आहे. डावखुऱ्यांना रोज उजवेच भेटतात, तुम्हाला डावखुरे क्वचित, एवढाच त्यांचा फायदा.

12. वजनात किती फरक चालतो? मुली आणि मुलगे एकत्र स्पारिंग करू शकतात का?

किलोंपेक्षा अनुभव आणि स्वभाव जास्त मोजावा. वीस किलो जड पण शांत, मुरलेला खेळाडू नवख्यासाठी उत्तम पार्टनर. तुमच्याच वजनाचा बिथरलेला नवखा वाईट. दोन अगदी नव्या माणसांना एकमेकांसमोर मोकळं सोडणं ही सगळ्यात वाईट जोडी, कारण जोर कोणालाच आवरता येत नाही.

मुली आणि मुलगे एकत्र सराव सर्रास करतात. जड किंवा ताकदवान असेल त्याने जोर आवरायचा, हा नियम इथेही तोच. उलट बाजूची तक्रारही येते : ‘तो मला मारतच नाही, नुसता मागे फिरतो.’ हाही सराव नव्हे. स्पर्श करणारे, पण खरे, पोहोचणारे ठोसे तिला मिळायला हवेत.

13. आठवड्यातून किती वेळा करावं?

हलकं आणि अटींचं स्पारिंग (प्रश्न 3) आठवड्यातून दोन-तीनदा चालतं. जोराचं, सामन्यासारखं स्पारिंग फक्त सामना ठरलेल्यांनी, तेही मोजकंच. सामन्याच्या आदल्या आठवड्यात ते बंद.

यात मी जरा कडक आहे आणि त्याला कारण आहे. न्यू जर्सीतले पॅथॉलॉजिस्ट हॅरिसन मार्टलँड यांनी 1928 मध्ये बॉक्सरांच्या मेंदूविकारावर पहिला गाजलेला वैद्यकीय लेख लिहिला. त्यात त्यांनी नावाजलेल्यांबरोबरच दुय्यम दर्जाच्या, इतरांच्या सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या बॉक्सरांचाही उल्लेख केला आहे. म्हणजे सरावातला मारही तेव्हापासूनच हिशेबात धरलेला आहे. मेंदू सामना आणि सराव असा भेद करत नाही, आणि बेशुद्ध न पाडणारे ठोसेही साठत जातात.

वजन उतरवण्यासाठी पाणी तोडलेलं असेल त्या दिवशी स्पारिंग करू नका.

14. डोक्याला जोरात बसला, पण बेशुद्ध झालो नाही. म्हणजे कन्कशन (मेंदूला बसलेला धक्का) नाही ना?

असं म्हणता येत नाही. बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध हरपतच नाही. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, उजेड किंवा आवाज नकोसा होणं, धूसर दिसणं, राउंडमधलं काही न आठवणं, तोल जाणं, उगाच चिडचिड किंवा रडू येणं, ‘धुक्यात असल्यासारखं’ वाटणं, यातलं एक जरी जाणवलं तरी त्या दिवसाचं काम संपलं. ‘एक राउंड बसतो आणि परत येतो’ असं चालत नाही. लक्षणं काही तासांनीही दिसू शकतात, म्हणून घरी एकट्याने जाऊ नका आणि स्वतः गाडी चालवू नका.

वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, एका बाजूच्या हातापायातली ताकद जाणं, दोन-दोन दिसणं, मानेत तीव्र दुखणं, बोलणं अडखळणं, गुंगी वाढत जाणं : यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात.

परतण्याचा क्रम 2022 साली ॲमस्टरडॅमला भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने सर्वच खेळांसाठी मांडला आहे. पहिले एक-दोन दिवस तुलनेने विश्रांती आणि मोबाइल-टीव्ही कमी. त्यानंतर चालण्यासारखा हलका व्यायाम, मग थोडा जास्त, मग खेळाचा पण धक्का नसलेला सराव. प्रत्येक पायरीला किमान 24 तास द्यायचे. बॉक्सिंगमध्ये याचा अर्थ आधी शॅडो (समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारणं), मग बॅग आणि पॅड. स्पारिंग शेवटी, लक्षणं पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावरच. हौशी सामन्यात डोक्याला मार लागून लढत थांबली तर नियमाने किमान 30 दिवस रिंगबाहेर राहावं लागतं, शुद्ध हरपली असेल तर त्याहून जास्त. सरावात असं सक्तीने थांबवणारं कोणी नसतं, म्हणून तोच हिशेब स्वतःला लावा.

पहिला मार बरा होण्याआधी दुसरा बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. हे क्वचित घडतं, पण जीवघेणं आहे आणि किशोरवयीन व तरुण खेळाडूंत जास्त आढळतं. डोकेदुखीची गोळी घेऊन रिंगमध्ये उतरणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

15. नाकातून रक्त आलं की मान मागे टाकायची ना?

नाही, पुढे झुकायचं. नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटं न सोडता दाबा, तोंडाने श्वास घ्या. मान मागे टाकली तर रक्त घशात जातं. डोळ्याखाली किंवा नाकावर जोरात बसलं असेल तर नाक शिंकरू नका. बारीक हाड मोडलेलं असेल तर शिंकरताच हवा शिरून डोळ्याभोवती टम्म फुगतं. रक्त थांबलं तरी त्या दिवशी पुन्हा उभं राहू नका. समोरच्याचे ग्लव्हज आणि रिंगचा मॅट पुसून घ्या.

16. चष्मा आहे / दातांना तारा आहेत. जमेल का?

चष्मा घालून नाही. लेन्सबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा, आणि ‘बॉक्सिंगमध्ये डोक्याला मार लागतो’ हे स्पष्ट सांगून विचारा. मायनस नंबर खूप मोठा असेल तर दृष्टिपटल सुटण्याचा धोका मुळातच जास्त असतो, तिथे डॉक्टरांनी नाही म्हटलं तर नाहीच. तारा असतील तर त्यांच्यासाठी बनवलेला माउथगार्ड मिळतो. साधा गरम पाण्यात मऊ करून चावायचा चालत नाही, तो तारांत रुततो.

17. मला सामने लढायचेच नाहीत. मग स्पारिंग टाळलं तर?

खुशाल टाळा. बॅग, पॅड आणि शॅडोवर आयुष्यभर उत्तम व्यायाम होतो. तरीही अंतर आणि टायमिंग म्हणजे काय हे समजून घ्यायची उत्सुकता असेल तर फक्त शरीराचं किंवा खांद्याला स्पर्शाचं स्पारिंग करा. डोक्याला हात न लावता खेळाची बरीच गंमत मिळते.

18. आता माझ्यासमोर नवखे उभे करतात. मला त्यात काय मिळणार?

बरंच काही. बचावाचा राउंड समजा : फक्त पायांनी आणि डोक्याने चुकवायचं, मारायचं ते त्याचा गार्ड जिथे उघडा पडतो तिथे हलकेच टेकवून, म्हणजे त्यालाही कळतं. तुमचा दुबळा हात किंवा उलटा स्टान्स (उभं राहण्याची पद्धत) इथे तपासून घ्या. मात्र एक सावधानता : नवख्याचे ठोसे वेड्यावाकड्या कोनांतून येतात, कोणत्याच शिस्तीत बसत नाहीत. हात खाली सोडून मिरवणाऱ्यांना ते हमखास बसतात.

19. कोच नसताना मित्रासोबत गच्चीवर केलं तर?

मोकळं स्पारिंग नको. थांबवणारा तिसरा माणूस नसतो, आणि कठीण जमिनीवर ठोशापेक्षा पडताना डोकं आपटण्याचं भय मोठं असतं. प्रश्न 3 मधले पहिले दोन टप्पे, खांद्याच्या स्पर्शाचा खेळ, शॅडो, हे करा.

20. रोजचा पार्टनरच माझ्या वजनगटात आहे. स्पर्धेत गाठ पडली तर? आतापासून काही लपवून ठेवू का?

लपवून ठेवलेला ठोसा सरावाअभावी सामन्यातही निघत नाही. पण दोघांची नावं एकाच गटात पडली की तेव्हापासून स्पर्धा संपेपर्यंत एकमेकांशी स्पारिंग बंद करा आणि कोचला जोड्या बदलायला सांगा. शक्य असेल तर सामन्यात दोघांच्या कोपऱ्यांत (राउंडमधल्या विश्रांतीत मदतीला) वेगळी माणसं असू द्या. हे नवीन नाही. लॅरी होम्स 1970 च्या दशकात मुहम्मद अलीचा स्पारिंग पार्टनर होता, आणि 2 ऑक्टोबर 1980 रोजी होम्ससमोरच अलीच्या कोपऱ्यातल्या माणसांनी दहाव्या राउंडनंतर लढत थांबवली. अली वेळेआधी थांबवला गेला तो पूर्ण कारकिर्दीत तेवढ्या एकाच वेळी.

स्पर्धा झाली की पहिला राउंड प्रश्न 6 मध्ये सांगितलंय तसा, आधी बोलून आणि हलका घ्या. नुकत्याच हरलेल्या माणसाचा हात नकळत जड पडतो.